फ्रेंच नटाच्या विंगेत, जाकीट घालून

ये गं, जरा जवळ सरक. जवळ म्हणजे काय, तू तिकडे केंब्रिजला आणि मी इकडे ग्वेल्फला, मधे अर्ध्या तासाचा रस्ता. पण तो रस्ता काही तुला सापडत नाही, म्हणून निदान हा कागद तरी जवळ ओढ. कॉलेज आहे, कॉफीच्या दुकानातली शिफ्ट आहे, पीआरची, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याची, काळजी आहे, सगळं मला माहीत आहे. तरी भाचीने मावशीला "हो मावशी, नेक्स्ट वीकेंड नक्की" असं किती वीकेंड सांगायचं? मार्चमध्ये नाटकाला बोलावलं, आली नाहीस. आणि आता फोन करून विचारतेस, "मावशी, तू फ्रेंच नाटकात काम केलंस म्हणे?" हे तुला काकांनी सांगितलं असणार. काकांनी सांगितलं म्हणजे निम्मं चूक. मी काम केलं नाही. मी विंगेत होते. जाकीट घालून. आता पहिल्यापासून सांगते, मधे बोलू नकोस.

आमच्या शेजारचं विटांचं बुटकं घर आहे ना, त्यात एक म्हातारा राहतो. मूळचा फ्रान्सचा. आम्ही या घरात आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात एक दिवस काका खिडकीतून म्हणाले, "अगं, हा शेजारचा माणूस फावड्याशी भांडतोय."

मी बघितलं. उंच, वाळका, डोक्यावर लाल लोकरी टोपी. ड्राइव्हवे शोव्हल करत होता, पण कसा? एक फावडं बर्फ उचलायचं, मग फावडं रोवायचं, छातीवर हात ठेवायचा आणि बर्फाच्या ढिगाला काहीतरी ठणकावून सांगायचं. मग पुन्हा एक फावडं.

"भांडत नाहीये," मी म्हटलं, "पाठांतर करतोय."

"तुला काय माहीत?"

मला नाही माहीत तर कोणाला? साखर कारखान्याच्या कॉलनीत होतो तेव्हा दर गणपतीत कामगारांचं नाटक व्हायचं. बाईने स्टेजवर काम करायला सासूबाईंची परवानगी लागायची, ती काही मिळाली नाही. पण विंगेत पुस्तक धरून बसायला हरकत नव्हती, कारण विंगेतली बाई कोणाला दिसत नाही. बारा वर्षं मी प्रॉम्प्टिंग केलं. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण कॉलनीच्या वाचनालयात आणि त्या विंगेत झालं. नट कधी अडणार ते मला त्याच्या पाठीवरून कळतं. आधी खांदे वर जातात, मग मान ताठ होते, मग एक हात उगीचच कमरेवर येतो.

हा रोज एकाच ठिकाणी अडायचा. "ला पोर्त एते उव्हेर्त" म्हणायचा आणि गप्प. मग खिशातून कागद काढायचा, चष्मा शोधायचा, वाचायचा आणि पुढे म्हणायचा, "ए ज्य स्वी रेस्ते." अर्थ मला कुठला कळायला! पण आठवडाभर कानावर पडलं की पाठ होणारच. एके दिवशी मी आमच्या पायऱ्यांवर मीठ टाकत होते, बर्फावर टाकतात ते. पलीकडून आलं, "ला पोर्त एते उव्हेर्त." खांदे वर गेले. हात कमरेवर आला. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ए ज्य स्वी रेस्ते."

फावडं खाली पडलं. तो कुंपणापाशी आला आणि पाच मिनिटं माझ्याशी सपासप फ्रेंच बोलला. मी म्हटलं, "नो फ्रेंच."

"पण आत्ता बोललात ना!"

"मी फक्त तुमचं वाक्य दिलं."

त्याने टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. उणे अठरा होतं गं, कान लाल झाले बिचाऱ्याचे. म्हणाला, "मादाम, तुम्ही प्रॉम्प्टर आहात!"

या देशात आल्यापासून मला कोणीतरी काहीतरी म्हणून ओळखलं ते पहिल्यांदाच. एरवी मी आपली तुझ्या दादाची आई. मग मी त्याला आत बोलावलं आणि चहा टाकला.

तिथून आमची दोस्ती. त्याचं इंग्लिश फ्रेंचसारखं, माझं मराठीसारखं. आम्हाला दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं, बाकी कोणाला आमचं काहीच कळायचं नाही. तुझी वहिनी म्हणायची, "आई, तुम्ही नक्की कुठल्या भाषेत बोलता?" मी त्याला मूस्यू म्हणायची. तसंच म्हणायचं असतं असं त्यानेच शिकवलं.

त्याची कहाणी ऐकशील तर शिफ्ट विसरशील. बाप न्हावी, नदीकाठचं लहानसं गाव. हा दुकानात केस झाडायचा आणि गिऱ्हाईक बाहेर पडलं की त्याची नक्कल करायचा. एकदा गिऱ्हाईक छत्री विसरलं म्हणून परत आलं आणि दारातच थांबलं, कारण आत ते स्वतःच चालत होतं. बापाने कान पिरगळला. गिऱ्हाईक म्हणालं, "सोडा त्याला, मी खरंच असा चालतो का ते मला बघू द्या."

सोळाव्या वर्षी फिरत्या नाटकमंडळीबरोबर पळाला. त्यांनी काम दिलं ते प्रेताचं. खुनाचं नाटक होतं. हा रोज संध्याकाळी नऊ वाजता मरायचा आणि पुढची चाळीस मिनिटं सोफ्यामागे पडून राहायचा. म्हणायचा, "प्रेताचं काम सगळ्यात अवघड, मादाम. शिंक येते." एकदा खरंच शिंकला. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात सगळ्या नटांमधून याच्या एकट्याचं नाव आलं.

बोलायचं काम कोणी देईना, म्हणून स्वतःच नाटक लिहिलं आणि सगळ्यात जास्त वाक्यं स्वतःला दिली. पहिल्या प्रयोगाला अकरा माणसं. त्यातली चार बापाच्या दुकानातली, अर्धी दाढी झालेली. बापाने त्यांना सांगितलं होतं, आधी पोराचं नाटक बघून या, मग उरलेली अर्धी करतो.

मग मंडळीबरोबर माँट्रियलला आला. प्रयोग संपले, सगळे विमानात बसायला निघाले, आणि याचा मफलर थिएटरात राहिलेला. आणायला गेला तर दार उघडं, आणि आत एक मुलगी मशीनवर बसून कुणाचा तरी झगा शिवत होती. ती ग्वेल्फची, इंग्लिश बोलणारी. मफलर तिच्या गळ्यात. "ला पोर्त एते उव्हेर्त, ए ज्य स्वी रेस्ते," म्हणजे दार उघडं होतं, आणि मी राहिलो. बघ, जिथे तो रोज अडायचा ते वाक्य हे!

पुढे लग्न, मुलगी, दहाबारा नाटकं. टीव्हीच्या मालिकेत पाद्री झाला तर ग्रोसरीच्या दुकानात बायका भाजीची टोपली खाली ठेवून त्याला आपली पापं सांगायच्या. "मी ऐकून घ्यायचो," म्हणायचा, "आणि दोन पापं पुढच्या नाटकात वापरायचो." म्हातारपणी दोघं इथे ग्वेल्फला बायकोच्या माहेरच्या घरी आली. बायको गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तिची शिवणाची खोली तशीच आहे, मशीनमध्ये दोरासुद्धा तसाच. त्याची नाटकं आता कोणी करत नाही. इथल्या वाचनालयात त्याचं एक पुस्तक आहे, ते हा दर महिन्याला जाऊन स्वतःच स्वतःच्या नावावर घेऊन येतो. म्हटलं कशाला? तर म्हणे, कोणी नेलं नाही तर ते पुस्तक काढून टाकतात.

आता मुद्द्याचं सांगते. मूस्यू विसरायला लागला होता. वाक्यंच नाही, बाकीचंही. किटली फ्रिजमध्ये ठेवायचा. एकदा भांडं गॅसवर ठेवून झोपला, धूर झाला, अलार्म वाजला, बंब आला. ते मुलीला कळलं. मुलगी असते व्हँकुव्हरला, सिनेमातल्या लोकांना जखमा करते. खोट्या गं! रंगाच्या, रबराच्या. तिने सांगितलं, "पापा, घर बंद कर आणि माझ्याकडे ये." हा म्हणाला, "मी या घरातून जाणार तो सोफ्यामागूनच."

एक गोष्ट मात्र मुलीला कळली नव्हती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो नुसत्या सपाता घालून बर्फातून आमच्याकडे आला, दार लोटून आत शिरला, आमच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसला आणि बायकोला हाक मारून कॉफी मागितली. मी गॅसपाशी उभी. चहा दिला. तो प्यायला, मग त्याने माझ्याकडे बघितलं, कुकरकडे बघितलं, भिंतीवरच्या गणपतीकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "मादाम, माझं स्वयंपाकघर असं नव्हतं ना?"

"नव्हतं. पण चहा घ्या अजून."

"मुलीला सांगू नका."

मी म्हटलं, नाही सांगत. आणि नाही सांगितलं. ते माझं चुकलंच, पण ते पुढे येईल.

त्या रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, भांड्यात त्याच्यासाठी वरण घेऊन गेले होते. फोन स्पीकरवर. बापलेकीची जुंपली. शेवटी हा ओरडला, "माझं सगळं नाटक मला पाठ आहे! सत्तर मिनिटांचं! ज्याला सत्तर मिनिटं पाठ आहेत त्याला गॅस बंद करायचं आठवणार नाही?" हे नाटक म्हणजे त्याच्या आयुष्याचं, एकट्याने करायचं. मुलगी लहान असताना लिहिलेलं.

मग ती म्हणाली, "ठीक. मी मार्चमध्ये येते. वाचनालयाच्या हॉलमध्ये करून दाखव. कागद नाही, मदत नाही, मधे कोणी बोलायचं नाही. नीट झालं तर मी पुन्हा विषय काढणार नाही, तू त्याच घरात राहा. नाही झालं तर व्हँकुव्हर."

"ठरलं!" म्हणाला, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळला. "मादाम, वही आणा."

"अहो, ती म्हणाली ना, मदत नाही!"

"प्रॉम्प्टर म्हणजे मदत नव्हे. प्रॉम्प्टर रंगमंचाचा भाग असतो. खुर्चीसारखा."

"मी खुर्ची काय?"

"चांगली खुर्ची, मादाम. हात असलेली."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगू? दादा-वहिनी ऑफिसला, काका फोनवर बातम्यांत. दिवसभर माझ्याशी माणसासारखं बोलणारा हा एकच. तो व्हँकुव्हरला गेला असता तर मी कोणाशी बोलले असते, डिशवॉशरशी? मी वही आणली.

महिनाभर तालीम. तो एकेक वाक्य सावकाश म्हणायचा, मी कानाला येईल तसं आपल्या मराठी अक्षरांत उतरवायची, आणि प्रत्येक भागावर मराठीत नाव टाकायची: न्हावी, प्रेत, अर्धी दाढी, मफलर, लग्न, बाळ. मग मी वाचून दाखवायची. तो डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "सुंदर. जणू फ्रान्समध्येच कोणीतरी माझ्यावर रागावलंय." एक नियम त्याने पक्का सांगितला, जो आपल्याकडेही तसाच आहे: विंगेतून वाक्य आलं की नटाने शंका घ्यायची नाही. उचलायचं आणि बोलायचं. विचार करत बसला की पडला.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला. पन्नासेक खुर्च्या. गावातली फ्रेंच बोलणारी मंडळी आली होती. तुझ्या दादाने ऑफिसातले आठ मित्र आणले होते, पुण्याचे, नागपूरचे. फ्रेंचचं अक्षर कोणाला येत नव्हतं, पण नाटकानंतर माझे बटाटेवडे आहेत असं कळलं होतं. काकांनी वाचनालयाच्या पायरीवर नारळ फोडला. आतून बाई धावत आली, तिला वाटलं काच फुटली. मुलगी पहिल्या रांगेत मधोमध, हाताची घडी घालून.

मी मागच्या बाजूने स्टेजमागे गेले. मूस्यू काळा कोट घालून स्टुलावर बसला होता. म्हटलं, "बेस्ट ऑफ लक."

तो दचकला. "असं म्हणायचं नसतं, मादाम! अपशकुन! आमच्यात एकच शब्द म्हणतात." आणि त्याने तो शब्द सांगितला. मी अर्थ विचारला. तो जरा लाजला, म्हणाला, "म्हणजे... जनावराचं... रस्त्यावर पडलेलं..."

"शेण?"

"शेण."

"मग त्यात लाजायचं काय? आमच्याकडे शुभच असतं. सणाला अंगण सारवतात."

हे त्याला इतकं आवडलं की उठून त्याने माझा हात हातात घेतला. "शहाणा देश!" म्हणाला. आणि मी म्हटलं, आता चांगली वेळ आहे, आणि माझा कोट काढला.

आत मी माझी हिरवी पैठणी नेसले होते. मुद्दाम. हातात डझनभर हिरवा चुडा. शुभ दिवस, शुभ रंग! मूस्यूने बघितलं आणि तो पुन्हा स्टुलावर बसला. बसला म्हणजे पडलाच. चेहरा पांढरा.

"हिरवा," म्हणाला. "मादाम. हिरवा!"

अगं, त्यांच्यात रंगमंचावर हिरवा म्हणजे साक्षात घात. हिरवं नेसलं की प्रयोग पडतो, नट मरतो, काय वाटेल ते होतं. साठ वर्षं त्याने हिरवा मोजासुद्धा थिएटरात येऊ दिला नव्हता, आणि मी नखशिखांत पालकाच्या जुडीसारखी त्याच्यासमोर उभी! म्हणाला, "मी जाऊ शकत नाही. संपलं. व्हँकुव्हर."

"अहो, आमच्यात हिरवा सौभाग्याचा!"

"तुमच्यात शेणसुद्धा चालतं!"

तीन वाजायला दहा मिनिटं. माझा कोट पुन्हा चढवायला गेले तर घाईत त्याची चेनच तुटली. मी काकांना बोलावलं. म्हटलं, "तुमचं जाकीट काढा." काकांचं ते निळं मोठं विंटर जाकीट, माझ्या गुडघ्यापर्यंत येतं. ते चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. खाली निऱ्या दिसत होत्या.

"दिसतंय," मूस्यू डोळे झाकून म्हणाला.

काकांनी गाडीतून त्यांची स्नो पँट आणली. निऱ्या वर खोचून ती पैठणीवरून चढवली. चुडा निघेना, तो बाह्यांच्या आत कोंबला. डोक्यावर टोपडं. काका मला बघून म्हणाले, "आता फक्त फावडं द्यायचं बाकी आहे."

"हसू नका, जा बसा जागेवर!"

मूस्यूने एक डोळा उघडला, मग दुसरा. म्हणाला, "मादाम, रंगभूमीवर इतका त्याग मी पाहिलेला नाही." काठी घेतली, जमिनीवर तीनदा ठोकली. आपल्या तीन घंटा असतात तसं त्यांचं ते. आणि स्टेजवर गेला.

काय सांगू तुला, काय माणूस झाला तो! ज्याला किटलीची जागा आठवत नाही, तो पाठ सरळ करून उभा राहिला आणि न्हाव्याचं दुकान उभं केलं. गिऱ्हाईक चालून दाखवलं तर दादाचे मित्रसुद्धा हसले, ज्यांना एक शब्द कळत नव्हता ते. सोफ्यामागे मेला, शिंकला. मी विंगेत, हीटर शेजारीच, जाकिटात उकडलेल्या रताळ्यासारखी झालेली, बोट वाक्यावर. मफलर आला. "ला पोर्त एते उव्हेर्त..." मी श्वास धरला. आणि तो लोण्यातून सुरी जावी तसा पुढे गेला! एकदाही अडला नाही. मी मनात म्हटलं, जिंकलो गं बाई. राहिला हा घरात.

आणि तो "बाळ"पाशी अडला. जिथे महिनाभरात एकदाही अडला नव्हता तिथे. गोष्ट अशी की दवाखाना आहे, नर्स बाहेर येते, मुलीला त्याच्या हातात देते... आणि खांदे वर गेले.

मी वहीत बघितलं. चष्म्यावर वाफ. पुसला, पुन्हा वाफ. पान उलटलं, पण घामाने पानं चिकटलेली, कुठलं उलटलं देवाला ठाऊक. हात कमरेवर आला. आता थांबणं शक्य नव्हतं. जे पहिलं वाक्य दिसलं ते मी दिलं. हळू दिलं, त्याला गेलं नाही. पुन्हा दिलं, जोरात: "शाक स्वार, आ नव्हर, ज्य मुरे!"

म्हणजे: रोज संध्याकाळी नऊ वाजता मी मरायचो. ते "प्रेत"मधलं होतं.

आणि तो नियमाचा पक्का माणूस! शंका घेतली नाही. नुकतंच जन्मलेलं बाळ हातात आहे, त्याच्याकडे प्रेमाने बघत त्याने सांगितलं, "रोज संध्याकाळी नऊ वाजता मी मरायचो."

मागे मांडीवर पोर घेऊन बसलेली एक फ्रेंच बाई इतकी हसली, इतकी हसली, की तिचं पोर रडायला लागलं, आणि मग सगळा हॉल फुटला. लोकांना वाटलं हेच वाक्य! पण मूस्यूला आता पुढचं काहीच सापडेना. तो हसऱ्या चेहऱ्याने उभा, आणि डोळे घाबरलेले. ते डोळे मला दिसत होते, लोकांना नाही. मी पानं सोडवतेय, चुडा जाकिटात खणखणतोय.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. शांत, स्वच्छ. "ए एल मा सेरे ल द्वा."

म्हणजे: आणि तिने माझं बोट घट्ट धरलं.

मुलगी होती. हाताची घडी सुटली होती, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं. मूस्यूने तिच्याकडे बघितलं, वाक्य उचललं, बोलला. पुढे पुन्हा अडला. आता तो विंगेकडे बघेचना, सरळ पहिल्या रांगेकडे बघायचा, आणि तिकडून वाक्य यायचं. शेवटपर्यंत असं. लोक उभे राहिले. आपले आठ जण सगळ्यात आधी उभे राहिले, पण त्यात वड्यांचा भाग होता.

मुलगी आत आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे कोण?"

"खुर्ची," मी म्हटलं. काय म्हणणार?

मग भांडण. ती म्हणाली, "पापा, मदत नाही असं ठरलं होतं."

"मधे कोणी बोलायचं नाही असंही ठरलं होतं. तू बोललीस."

"तू अकरा वाक्यं विसरलास."

"तीन!"

"अकरा. मी दिली ना, मला माहीत आहेत."

मला राहवलं नाही. जाकिटाची चेन उघडत मी तिला सगळं सांगितलं. वहीचं सांगितलं, आणि त्या फेब्रुवारीतल्या सकाळचं, सपातांचंही सांगितलं. तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "बर्फात? सपाता घालून? हे तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "हो. हवं होतं. मला त्याला जाऊ द्यायचं नव्हतं." मूस्यू बुटांकडे बघत बसला. मला वाटलं, दोघांचंही मी बिघडवलं.

मग तिने वही मागितली. आपली अक्षरं बघून म्हणाली, "हे काय आहे?" मी वाचून दाखवलं, न्हाव्यापासून. दोन ओळींत तिला कळलं. ती माझ्या पुढे पुढे म्हणायला लागली.

मूस्यूने मान वर केली. "तुला सगळं पाठ आहे?"

"आईच्या मशीनखाली झोपायचे मी, विंगेत. तू काढून टाकलेली वाक्यंही पाठ आहेत."

"कुठली?"

तिने एक म्हटलं. तो म्हणाला, "ते का काढलं मी? चांगलं होतं!" मग त्याने एक वाक्य टाकलं, तिने पुढचं दिलं, त्याने त्याच्या पुढचं. वाचनालयाची बाई दिवे घालवून घालवून थकली. मी बाहेर जाऊन वडे वाढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. बूट घालून, मी आधी ते बघितलं. टेबलाशी बसला आणि म्हणाला, "मी जातोय व्हँकुव्हरला."

"हरलात म्हणून?"

"कोण हरलं ते अजून ठरलेलं नाही. त्याची चर्चा पाच वर्षं चालेल. पण मादाम, माझी अकरा वाक्यं तिच्याकडे निघाली. उद्या आणखी जातील. ती सगळी तिच्याकडे सापडतील. तुमच्या वहीतही आहेत, नाही असं नाही, पण तुमच्या वहीत मी मुलगी झाल्याबरोबर मरतो."

मी हसले. मग पदर डोळ्याला लावला. मग त्याला चहा दिला. बरं वाटलं का विचारशील, तर नाही वाटलं. पण बरोबर वाटलं. या दोन वेगळ्या गोष्टी असतात, तुला कळेल पुढे.

घर विकणार नाहीत, शिवणाची खोलीही तशीच ठेवणार. मुलगी म्हणाली, उन्हाळ्यात आणत जाईन त्याला. जूनअखेर निघतो तो. सध्या सामान आवरणं चालू आहे, म्हणजे एक वस्तू उचलायची आणि दुपारभर तिची गोष्ट सांगायची. काल एक डबा उघडला, त्यात नुसत्या मिशा निघाल्या. संध्याकाळी फोन लावतात, तिकडून मुलगी वाक्यं देते, इकडे हा उभा राहून सगळं नाटक करतो, आणि मी समोर बसते. प्रेक्षकांत मी एकटी. काकाही बसतात, पण ते बसले की झोपतात, आणि घोरणाऱ्या माणसासमोर नट किती दिवस काम करणार? तू ये. फ्रेंच येत नाही असं म्हणू नकोस, नागपूरच्या पोरांनाही येत नव्हतं. शनिवार टाक, रविवार टाक, शिफ्ट बदलून घे त्या तुझ्या मॅनेजरकडून. म्हाताऱ्याला मी सांगून ठेवलंय की माझी भाची येणार, आणि तो रोज विचारतो, आली का? मी रोज सांगते, येईल. ये गं, लवकर ये.